गृहकर्ज मुदतीआधी फेडायचं तर: पहिल्या हप्त्यापासून बोजा उतरेपर्यंत

गृहकर्जाचं पहिलं वार्षिक विवरणपत्र हातात आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं. बारा हप्ते वेळेवर भरले होते आणि मूळ कर्ज जेमतेम दोन टक्क्यांनी खाली आलं होतं. आधी वाटलं, छापताना चूक झाली असेल. मग कागद घेऊन स्वतः हिशेब मांडला, तेव्हा कळलं की आकडा बरोबर आहे, कर्ज फिटतं कसं हेच मला नीट माहीत नव्हतं. पुढची सगळी वर्षं त्या संध्याकाळच्या हिशेबावर चाललो आणि कर्ज मुदतीच्या बरंच आधी संपवलं. त्यासाठी उत्पन्न फार मोठं लागत नाही. सुरुवातीच्या वर्षांत मुद्दलात टाकलेली छोटी रक्कम शेवटच्या वर्षांतल्या मोठ्या रकमेपेक्षा जास्त काम करते, एवढं एकदा मनावर ठसलं की घरखर्चाचे पुष्कळ निर्णय आपोआप सोपे होतात.

हप्त्याच्या पोटात काय असतं

उदाहरणासाठी १० लाखांचं कर्ज घेऊ. व्याजदर वार्षिक ८.५ टक्के, मुदत २० वर्षं. चलन कोणतंही धरा; तुमचं कर्ज याच्या तिप्पट असेल तर पुढचे सगळे आकडे तिपटीने वाचा. मासिक हप्ता येतो ८,६७८.

पहिल्या महिन्याचं व्याज काढायचं तर १० लाखांचे ८.५ टक्के काढून त्याला १२ ने भागायचं. उत्तर ७,०८३. म्हणजे ८,६७८ पैकी मुद्दलात गेले फक्त १,५९५. पुढच्या महिन्यात व्याज लागतं ते ९,९८,४०५ वर, त्यामुळे व्याज किंचित घटतं, मुद्दलाचा वाटा किंचित वाढतो. पाच वर्षांनी तुम्ही एकूण ५,२०,६९४ भरलेले असतात आणि कर्ज उरलेलं असतं ८,८१,२७२. हप्त्यातला व्याजाचा वाटा निम्म्याखाली यायला जवळपास १२ वर्षं लागतात. निम्मं मुद्दल फिटायला १३ वर्षं १० महिने. वीस वर्षांअखेर भरलेली रक्कम होते २०,८२,७७५, म्हणजे घेतलं त्याहून जास्त नुसतं व्याज.

यात कुणी फसवत नाही. व्याज नेहमी उरलेल्या मुद्दलावर लागतं आणि सुरुवातीला मुद्दल मोठं असतं, एवढंच. पण याच नियमाची दुसरी बाजू आपल्या कामाची आहे. हप्त्याव्यतिरिक्त आज मुद्दलात टाकलेल्या रकमेवर पुढे एकाही महिन्याचं व्याज लागत नाही. याच कर्जात पहिलं वर्ष संपताना ५०,००० जास्तीचे भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे २६ हप्ते गळून पडतात आणि सुमारे १ लाख ७८ हजारांचं व्याज वाचतं. हेच ५०,००० दहाव्या वर्षाअखेर भरले तर वाचतात सुमारे ६२,०००. पंधराव्या वर्षाअखेर भरले तर फक्त २४,०००. रक्कम तीच, कर्ज तेच, फरक फक्त वेळेचा.

म्हणून पहिलं काम: आपल्या कर्जाचा संपूर्ण परतफेडीचा तक्ता मागून घ्या. पहिल्या हप्त्यापासून शेवटच्यापर्यंत प्रत्येक महिन्याचं व्याज, मुद्दल आणि शिल्लक त्यात असते. तोच तक्ता स्वतः संगणकावर पाच रकान्यांत मांडा: सुरुवातीची शिल्लक, व्याज, हप्ता, जास्तीची रक्कम, अखेरची शिल्लक. अर्ध्या तासाचं काम आहे. जास्तीच्या रकमेच्या रकान्यात नुसता एक आकडा घातला की खालचे महिने कसे गळतात, ते डोळ्यांनी पाहणं हीच माझ्या मते या सगळ्या उद्योगातली सर्वात मोठी प्रेरणा.

आधी घर सावरा, मग कर्जावर या

उत्साहाच्या भरात हातातली सगळी शिल्लक कर्जात घालणारी माणसं मी पाहिली आहेत. वर्षभरात नोकरी जाते किंवा आजारपण येतं, आणि मग तीच माणसं क्रेडिट कार्डावर किंवा दुप्पट दराच्या वैयक्तिक कर्जावर घर चालवतात. कर्जात गेलेला पैसा सहसा परत मागता येत नाही. म्हणून तीन गोष्टी आधी.

पहिली, गंगाजळी. घराचा आवश्यक खर्च आणि हप्ता मिळून सहा महिन्यांची रक्कम बाजूला हवी. उत्पन्न अनियमित असेल किंवा घरात एकच कमावतं माणूस असेल तर नऊ ते बारा महिन्यांची. ही रक्कम एक-दोन दिवसांत हाती येईल अशा ठिकाणी ठेवा. तिच्यावर व्याज कमी मिळतं म्हणून हळहळू नका, तिचं काम वेगळं आहे.

दुसरी, महागडी कर्जं. क्रेडिट कार्डाची थकबाकी आणि वैयक्तिक कर्ज यांचा दर जवळजवळ नेहमीच गृहकर्जापेक्षा जास्त असतो. ती डोक्यावर असताना गृहकर्जात जास्तीचे पैसे भरणं म्हणजे एका खिशात बचत करून दुसऱ्या खिशातून त्याहून जास्त गमावणं.

तिसरी, विमा. घर चालवणाऱ्या व्यक्तीच्या जिवाचा साधा मुदत विमा किमान उरलेल्या कर्जाएवढा तरी हवा. आरोग्य विमा आणि घराचाही विमा हवा. यावर जास्त लिहीत नाही, पण हे टाळून केलेली कर्जफेडीची योजना एका रात्रीत कोसळू शकते.

करारनामा काढा आणि वाचा

मुदतीआधी पैसे भरण्यावर दंड आहे का, हे करारात असतं आणि देशोदेशी त्याचे नियम वेगळे आहेत. भारतात रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जांवर वैयक्तिक कर्जदारांकडून असा दंड घेण्यास बँकांना मनाई केली. ब्रिटनमध्ये ठरावीक दराच्या अनेक कर्जांत वर्षाला शिल्लक कर्जाच्या १० टक्क्यांपर्यंत दंडाशिवाय भरता येतं, त्यापुढे शुल्क लागतं. जर्मनीत स्थिर दराचं कर्ज मुदतीआधी फेडलं तर बँक नुकसानभरपाई मागू शकते, मात्र पूर्ण रक्कम मिळून दहा वर्षं झाल्यावर सहा महिन्यांची सूचना देऊन कर्जदाराला विनाशुल्क मोकळं होता येतं. अमेरिकेत २०१४ पासूनच्या नियमांनुसार नव्या गृहकर्जांवर पहिल्या तीन वर्षांनंतर असा दंड लावता येत नाही.

तुमच्या करारात चार गोष्टी शोधा. दर स्थिर आहे की बदलता? आगाऊ फेडीवर शुल्क किती आणि कुठवर? एका वेळी किमान किती रक्कम स्वीकारतात आणि वर्षातून किती वेळा? आणि व्याज मोजताना शिल्लक रोज कमी धरतात, दर महिन्याला की वर्षातून एकदा? हा शेवटचा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही, पण तो महत्त्वाचा आहे. शिल्लक वर्षातून एकदाच कमी धरत असतील तर वर्षाच्या मध्ये भरलेल्या रकमेचा त्या वर्षी काहीच फायदा होत नाही. अशा वेळी पैसे साठवून त्या तारखेच्या दोन-चार दिवस आधी भरायचे. रोजची शिल्लक धरत असतील तर हातात आले तसे भरा.

पैसा येणार कुठून

आता खरा प्रश्न. तीन महिने प्रत्येक खर्च लिहा. बँकेचं विवरण, कार्डाचं विवरण आणि रोख खर्च, तिन्ही. या तीन महिन्यांत कुठेही काटकसर करू नका, नाहीतर घर खरोखर कसं चालतं ते कळणारच नाही. घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांनी लिहायचं, पण एकमेकांना जाब विचारायचा नाही. एकाने वही धरायची आणि दुसऱ्याने चोरासारखं लपवायचं असं झालं की योजना तिथेच मोडते.

तीन महिन्यांनी खर्चाचे गट करा. काही खर्च हलणारे नसतात: हप्ता, शिक्षण, औषधं, वीज-पाणी यांचा किमान भाग. काही खर्च आवश्यक असतात पण त्यांचा आकडा आपल्या हाती असतो: किराणा, प्रवास, फोन आणि इंटरनेट, कपडे. आणि काही खर्च आपण केव्हातरी सुरू केले आणि विसरलो: न पाहिलेल्या वाहिन्यांची वर्गणी, न गेलेली व्यायामशाळा, जुन्या खात्यांची शुल्कं, गरज संपलेल्या सेवा. या तिसऱ्या गटापासून सुरुवात करा. इथे कापलेल्या पैशाने कुणाचंच मन दुखावत नाही.

दुसऱ्या गटात मोठ्या आकड्यांकडे आधी जा. रोजच्या चहाकॉफीवर डोळा ठेवून माणूस चिडचिडा होतो आणि हाती थोडंच लागतं. त्याऐवजी विम्याचे हप्ते नूतनीकरणाआधी दोन-तीन ठिकाणी विचारून पाहा, फोनचा प्लॅन खरा वापर बघून बदला, दुसरं वाहन खरंच लागतं का याचा विचार करा. असा एक निर्णय एकदाच घ्यावा लागतो आणि त्याची बचत दर महिन्याला आपोआप होत राहते. रोज मन मारून केलेली बचत सहसा सहा महिन्यांपुढे टिकत नाही.

यानंतरची गोष्ट मला सर्वात मोलाची वाटते. वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च वेगळे लिहा. मालमत्ता कर, विमा, शाळेची फी, वाहनाची मोठी दुरुस्ती, घराची डागडुजी, एखादा प्रवास, घरातलं कार्य. यांची वर्षाची बेरीज करून १२ ने भागा आणि तेवढी रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाका. अंदाजपत्रकं मोडतात ती बहुतेक याच खर्चांमुळे. माणूस म्हणतो, 'या महिन्यात अचानक खर्च आला,' पण दरवर्षी त्याच महिन्यात येणाऱ्या खर्चाला अचानक कसं म्हणायचं? हे खातं एकदा उभं राहिलं की कर्जासाठी बाजूला काढलेल्या पैशाला हात लावायची वेळच येत नाही.

आणि घरातल्या प्रत्येकासाठी थोडा मोकळा पैसा ठेवा, ज्याचा हिशेब कुणी विचारणार नाही. रक्कम लहान असली तरी चालेल. दहा-पंधरा वर्षांच्या वाटचालीत मन मोकळं राहणं फार गरजेचं आहे. मुलांनी वाढदिवसाला काही मागितलं आणि दर वेळी 'कर्ज आहे ना' हेच उत्तर मिळालं, तर त्या घराला कर्जाचा वास येऊ लागतो.

आता जो आकडा निघेल, तो महिनाअखेर उरला तर भरू असं म्हणू नका. महिनाअखेर काही उरत नाही. पगार जमा होण्याच्या दुसऱ्याच दिवशी ती रक्कम आपोआप वेगळ्या खात्यात जाईल, किंवा कर्ज देणाऱ्या संस्थेची सोय असेल तर थेट कर्जखात्यात जाईल, अशी स्थायी सूचना बँकेला देऊन ठेवा. तुमचा निश्चय महिन्यातून एकदाही पणाला लागू नये अशी व्यवस्था हवी.

किती जास्त भरलं की किती फरक पडतो

वरच्याच कर्जात दर महिन्याला हप्त्याच्या १० टक्के, म्हणजे साधारण ८६८ जास्त भरले तर २० वर्षांचं कर्ज १६ वर्षांत संपतं आणि अडीच लाखांचं व्याज वाचतं. वर्षाला एक हप्ता जास्तीचा भरला, त्याचा बारावा भाग दर महिन्याला असं धरून, तर १६ वर्षं ७ महिन्यांत संपतं आणि सुमारे २ लाख १८ हजार वाचतात. काही देशांत पगार पंधरवड्याला होतो. तिथे दर पंधरवड्याला अर्धा हप्ता भरला की वर्षाचे २६ अर्धे, म्हणजे १३ पूर्ण हप्ते होतात. तो मार्ग म्हणजे हाच तेरावा हप्ता. त्यासाठी कुणी वेगळं शुल्क मागत असेल तर देऊ नका, ते तुम्ही स्वतःच करू शकता.

पण माझा सर्वात आवडता मार्ग वेगळा आहे: दरवर्षी हप्ता ५ टक्क्यांनी वाढवायचा. पहिल्या वर्षी ८,६७८, दुसऱ्या वर्षी ९,११२, तिसऱ्या वर्षी ९,५६८, असं. पगार दरवर्षी थोडा तरी वाढतो असं धरलं तर ही वाढ घराला फारशी जाणवत नाही, आणि कर्ज १२ वर्षं ३ महिन्यांत संपतं! व्याजात सुमारे ३ लाख ९० हजारांची बचत.

याच्या यशामागे माणसाचा स्वभाव आहे. हातात आलेला पैसा कमी झालेला आपल्याला खुपतो, पण अजून न आलेल्या वाढीतला भाग आधीच देऊन टाकणं जड जात नाही. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी निवृत्तीच्या बचतीसाठी याच तत्त्वावर एक योजना आखली होती: पुढच्या प्रत्येक पगारवाढीच्या वेळी बचतीचं प्रमाण आपोआप वाढेल, एवढीच संमती आज द्यायची. २००४ मध्ये त्यांनी मांडलेल्या निष्कर्षांत, योजनेत सामील झालेल्या कामगारांच्या बचतीचं प्रमाण ४० महिन्यांत ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेलेलं दिसतं. थेलर यांना पुढे २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. कर्जासाठीही हेच करा. पगारवाढीचं पत्र येण्याआधी घरात ठरवून टाका की वाढीतला निम्मा भाग हप्त्याला जाईल. निम्मा भाग घराला मिळतो, त्यामुळे राहणीमानही थांबत नाही.

वाहनाचं किंवा दुसरं एखादं कर्ज संपलं की त्याचा हप्ता पुढच्याच महिन्यापासून गृहकर्जाकडे वळवा. एक महिनाही मध्ये जाऊ देऊ नका. त्या पैशाशिवाय जगायची घराला सवय झालेली असते. तो एकदा खर्चात मिसळला की पुन्हा वेगळा काढता येत नाही.

बोनस, करपरतावा, भेट, जुन्या वस्तूंची विक्री, असा अधूनमधून येणारा पैसा कसा वाटायचा तेही आधीच ठरवा. मी दोन तृतीयांश मुद्दलात आणि एक तृतीयांश घराच्या आनंदासाठी असं ठेवलं होतं. तुमचं प्रमाण वेगळं असेल, पण पैसा येण्याआधी ठरलेलं असावं.

अजून कर्ज घ्यायचं असेल त्यांच्यासाठी इथे एक गोष्ट सांगतो. १५ वर्षांची मुदत घेतली तर याच कर्जाचा हप्ता ९,८४७ होतो, म्हणजे १,१६९ जास्त, आणि एकूण व्याज ३ लाख १० हजारांनी कमी. उत्पन्न भरवशाचं असेल तर सरळ १५ घ्या. नसेल तर २० वर्षांची मुदत घेऊन हप्ता १५ वर्षांचा असल्यासारखा भरा. दर सारखाच असेल तर फायदा तोच होतो, आणि अडचणीच्या महिन्यात लहान हप्त्यावर परत यायची मोकळीक राहते. मात्र या मार्गाला स्वतःची शिस्त लागते, ती नसेल तर मोकळीकच महागात पडते.

हप्ता कमी करायचा की मुदत?

जास्तीची रक्कम भरली की कर्ज देणारी संस्था दोनपैकी एक गोष्ट करते. हप्ता तोच ठेवून मुदत कमी करते, किंवा मुदत तीच ठेवून हप्ता कमी करते. ऐकायला दुसरी जास्त गोड वाटते. पहिलं वर्ष संपताना भरलेल्या ५०,००० चं उदाहरण पुन्हा घेऊ. मुदत कमी केली तर व्याजाची बचत १ लाख ७८ हजार. हप्ता कमी करून घेतला तर तो ४४३ ने घटतो आणि व्याजाची बचत राहते फक्त ५१ हजारांच्या आसपास. एका अर्जातल्या एका ओळीने सव्वा लाखाहून जास्त फरक पडतो.

माझी पहिली जास्तीची रक्कम या दोन्हींतही गेली नव्हती. ती 'आगाऊ हप्ते' म्हणून जमा करून ठेवली गेली, म्हणजे पुढच्या काही महिन्यांचे हप्ते त्यातून वळते होत राहिले आणि मुद्दल होतं तिथेच राहिलं. मला ते चार महिन्यांनी विवरण पाहताना कळलं. लेखी अर्ज, दोन फेऱ्या आणि बरीच बोलाचाली झाल्यावर ते दुरुस्त झालं. तेव्हापासून मी प्रत्येक वेळी लेखीच कळवतो. अर्जात एवढं असू द्या:

१. कर्जखाते क्रमांक, भरलेली रक्कम आणि तारीख.
२. 'ही रक्कम मुद्दलाच्या अंशतः परतफेडीसाठी आहे, पुढील हप्त्यांसाठी आगाऊ भरणा म्हणून धरू नये.'
३. 'मासिक हप्ता आहे तोच ठेवून मुदत कमी करावी.'
४. 'सुधारित परतफेडीचा तक्ता द्यावा.'

अर्जाची पोच घ्या. ऑनलाइन भरणा केला तर योग्य पर्याय निवडल्याचं चित्र साठवा. आठवड्याभराने नव्या तक्त्यातली शिल्लक आपल्या तक्त्याशी ताडून पाहा. दोन आकड्यांत थोड्या दिवसांच्या व्याजाचा फरक असू शकतो, पण शेवटच्या हप्त्याची तारीख अलीकडे आलेली दिसलीच पाहिजे.

हप्ता कमी करून घेणं कधी योग्य? घरातलं एक उत्पन्न बंद होणार असेल, बाळ येणार असेल, स्वतःचा व्यवसाय सुरू करायचा असेल, म्हणजे पुढची वर्षं ओढाताणीची दिसत असतील तेव्हा. तेव्हा जरूर घ्या. व्याजापेक्षा घर स्थिर राहणं मोठं आहे.

व्याजदरावर नजर ठेवा

बदलत्या दराच्या कर्जात एक गोष्ट गुपचूप घडते. दर वाढला की अनेक संस्था हप्ता तोच ठेवतात आणि मुदत वाढवतात. खात्यातून कापली जाणारी रक्कम तीच, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. आपल्या उदाहरणात एका वर्षानंतर दर ८.५ वरून ९.५ झाला, तर उरलेले २२८ हप्ते २८५ होतात. म्हणजे पावणेपाच वर्षं वाढली! मुदत आहे तेवढीच ठेवायची तर हप्ता ८,६७८ वरून सुमारे ९,३०० करावा लागतो. सात टक्क्यांची वाढ आहे, टोचते, पण शक्य असेल तर तीच करा. दर बदलल्याची सूचना आली की त्याच आठवड्यात नवी मुदत विचारायची सवय लावून घ्या.

दर उतरतात तेव्हा उलट करा. हप्ता कमी करून देण्याची तयारी संस्थेने दाखवली तरी जुना हप्ताच चालू ठेवा. पाच वर्षांनी उरलेल्या ८,८१,२७२ वर दर ८.५ ऐवजी ८ झाला आणि हप्ता बदलला नाही, तर कर्ज दहा महिने आधी संपतं आणि सुमारे ८६ हजार वाचतात, तेही जास्तीचं काही न भरता.

नव्या ग्राहकांना तुमची संस्था किती दराने कर्ज देते ते वर्षातून एकदा पाहत जा. जुन्या ग्राहकाचा दर पुष्कळदा त्याहून जास्त असतो आणि नुसतं पत्र लिहून, किरकोळ शुल्क भरून तो कमी करून मिळतो. नाही मिळाला तर कर्ज दुसरीकडे नेण्याचा हिशेब करा: उरलेल्या वर्षांत वाचणारं व्याज एका बाजूला, प्रक्रिया शुल्क, कागदपत्रं, मूल्यांकन आणि मुद्रांकाचा खर्च दुसऱ्या बाजूला. कर्जाच्या शेवटच्या काही वर्षांत हा खटाटोप सहसा परवडत नाही, कारण व्याजाचा मोठा भाग देऊन झालेला असतो. आणि नव्या ठिकाणी मुदत पुन्हा २० वर्षांची करून घेऊ नका. कमी हप्त्याच्या मोहात इथे पुष्कळ जण कमावलेलं सगळं घालवतात.

कर्ज फेडावं की गुंतवणूक करावी

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि त्याचं उत्तर दोन आकड्यांत आहे. मुदतीआधी भरलेल्या पैशावर तुम्हाला कर्जाच्या दराएवढा परतावा मिळतो, आणि तो खात्रीचा असतो. ८.५ टक्क्यांचं कर्ज फेडणं म्हणजे कर वजा जाता, कोणत्याही जोखमीशिवाय ८.५ टक्के मिळवणं. गृहकर्जाच्या व्याजावर करसवलत मिळत असेल तर हा आकडा कमी होतो. उदाहरणार्थ, व्याजाच्या पाचव्या भागाएवढा कर वाचत असेल तर खरा दर ६.८ टक्के. आता याच्याशी तुलना करायची ती तेवढ्याच सुरक्षित ठेवीच्या, कर भरून उरणाऱ्या व्याजाची. शेअर बाजाराच्या सरासरीशी सरळ तुलना करू नका. तिथला जास्त परतावा जोखमीचा मोबदला असतो आणि तो हव्या त्या वर्षी मिळेलच असं नाही.

नोकरी देणारी संस्था निवृत्ती निधीत तुमच्याइतकीच भर घालत असेल, तर तो वाटा आधी पूर्ण घ्या. वय कमी, दर कमी आणि करसवलत चांगली असेल तर जास्तीच्या पैशाचे दोन भाग करून एक गुंतवणुकीत टाकणं शहाणपणाचं. निवृत्ती दहा वर्षांवर आली असेल आणि कर्ज त्यापलीकडे जाणार असेल, तर मी बिनदिक्कत कर्जाला अग्रक्रम देईन. पगार थांबल्यावरही हप्ता चालू राहणं ही कल्पनाच झोप उडवणारी आहे. मात्र कर्ज फेडण्यासाठी निवृत्तीची पुंजी मोडायची नाही. कर्ज हप्त्याहप्त्याने फेडता येतं, म्हातारपणाची पुंजी पुन्हा उभी करायला वेळ उरत नाही.

काही देशांत असं खातं मिळतं ज्यातली शिल्लक व्याज मोजताना कर्जातून वजा धरली जाते, आणि पैसे लागले तर काढताही येतात. तुमच्याकडे ही सोय असेल तर गंगाजळी त्यात ठेवा. अशा कर्जाचा दर थोडा जास्त असतो, त्यामुळे खात्यात कायम मोठी शिल्लक राहणार असेल तरच ते परवडतं.

वर्षातून एकदा, एक संध्याकाळ

दर महिन्याला कर्जाकडे बघत बसू नका. वर्षातून एक दिवस ठरवा. विवरणपत्र आणि आपला तक्ता ताडून पाहा, शेवटच्या हप्त्याची नवी तारीख लिहून ठेवा, पुढच्या वर्षाचा वाढीव हप्ता ठरवा, गंगाजळी महागाईप्रमाणे थोडी वाढवा. त्या वर्षी काही जमलं नसेल तर त्याचीही नोंद करा. आजारपण, बेरोजगारी, घरातलं दुःख, अशा वर्षी नेमका हप्ता भरला तरी पुरे. आमच्या घरी दोन वर्षं अशी गेली, तरी तक्त्यातली तारीख आधी जितकी मागे आणली होती तिथेच राहिली. आधी भरलेल्या पैशाचं काम थांबत नाही.

शेवटचा हप्ता भरल्यावर

शेवट जवळ आला की उरलेली रक्कम एका ठरावीक तारखेपर्यंत किती होते ते लेखी मागा, कारण रोजचं व्याज चालू असतं. ती भरल्यावर लगेच हप्त्याची स्थायी सूचना बंद करा, नाहीतर पुढच्या महिन्यात हप्ता पुन्हा कापला जाऊ शकतो. दिलेले कोरे किंवा पुढच्या तारखांचे धनादेश परत घ्या.

मग कागदपत्रं. कर्ज पूर्ण फिटल्याचं आणि काहीही येणं नसल्याचं पत्र घ्या. त्यात खाते क्रमांक आणि मालमत्तेचा पत्ता बरोबर आहे ना ते जागेवरच पाहा. घराची मूळ कागदपत्रं परत घेताना, कर्ज घेताना दिलेल्या यादीप्रमाणे एकेक कागद, एकेक पान मोजून घ्या. यादी तेव्हा घेतली नसेल तर आता मागा. त्यानंतर मालमत्तेच्या सरकारी नोंदीत असलेला बोजा, म्हणजे घर या कर्जासाठी गहाण असल्याची नोंद, उतरवून घ्या. हे काम राहून जाण्याचं प्रमाण फार मोठं आहे. पैसे फिटलेले असतात, माणूस निर्धास्त असतो, आणि पंधरा वर्षांनी घर विकताना किंवा वारसांच्या नावावर करताना नोंदीत जुना बोजा तसाच दिसतो. तोपर्यंत कर्ज देणारी शाखा दुसरीकडे गेलेली असते. बोजा उतरल्याचा नवा उतारा हातात येईपर्यंत काम संपलं असं समजू नका.

एक-दोन महिन्यांनी आपला पतअहवाल (क्रेडिट रिपोर्ट) काढून त्यात हे खातं बंद झाल्याचं दिसतं का ते पाहा. घराचा विमा कर्ज देणाऱ्या संस्थेच्या नावे जोडलेला असेल तर तो आपल्या नावे करून घ्या. सगळ्या कागदांची एक प्रत घरात, एक प्रत घराबाहेरच्या विश्वासू ठिकाणी ठेवा, आणि मूळ फाइल कुठे आहे ते घरातल्या निदान आणखी एका माणसाला सांगून ठेवा.